सभासदांची यादी

दिवाळीत धाकट्या बहिणीची नात चार दिवस आमच्याकडे राहून गेली. ती सध्या रशियन भाषेत एम.ए. करते आहे. (आमच्या वेळी घरात कोणी इंग्रजीत एम.ए. केलं तरी गल्लीत पेढे वाटत, त्यामुळे रशियनचं अप्रूप मला अजून आहे.) फराळाची बशी मांडीवर घेऊन ती मोबाईलवर काहीतरी भरत बसली होती. काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, "अगं आजी, आमच्या मॅडम म्हणतात, स्लाव्हिक भाषांच्या अभ्यासकांची संघटना असते, तिचे सभासद व्हा. विद्यार्थ्यांना सवलत आहे. परिषदांना जाता येतं, ओळखी होतात, नेटवर्किंग होतं. पण फी डॉलरमध्ये आहे गं. आणि एवढे पैसे भरून मिळणार काय, तर यादीत नाव!"

मी काहीच बोलले नाही. कारण माझा स्वतःचा अनुभव तिच्याच बाजूचा. नोकरीत असताना तीस-बत्तीस वर्षं मी एका शिक्षक संघटनेची वर्गणी इमानेइतबारे भरली. त्या बदल्यात दर वर्षी एक डायरी आणि एक कॅलेंडर मिळे. एकदा खरोखरची अडचण आली आणि मी त्यांच्या दारात गेले, तेव्हा "बघू, करू" यापलीकडे काही हाती लागलं नाही. तेव्हा पोरीला "भर गं पैसे" असं छातीठोकपणे सांगायचं कोणत्या तोंडाने?

पण तिचे ते "यादीत नाव" हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. ती गेल्यावर तिच्याच विषयाचं हाती लागेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता पन्नास वर्षांपूर्वीच्या माझ्या बी.ए.च्या वहीपाशी येऊन पोचले.

आम्हाला बी.ए.ला मराठीच्या जोडीने थोडं भाषाशास्त्र होतं. त्यात 'स्वनिम' नावाचं एक प्रकरण होतं. ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'जग' हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे 'जगत राहा'. लिहिताना दोन्ही सारखेच, पण तोंडातला 'ज' वेगळा. पहिला जिभेच्या मधल्या भागाने टाळूपाशी होतो, दुसरा जिभेचं टोक दातांमागे टेकवून. 'चार' आणि (गुराला) 'चार' यांचंही तसंच. म्हणजे आपण मराठी माणसं या दोन आवाजांवरून अर्थ ओळखतो. ज्या आवाजांच्या फरकाने अर्थ बदलतो, ते त्या भाषेचे स्वनिम. एवढी साधी गोष्ट, पण ती कोणीतरी पहिल्यांदा नीट मांडावी लागते. वहीत मी लिहिलं होतं, "हा विचार प्राग संप्रदायाने विकसित केला." परीक्षेत तेच उतरवलं आणि मार्कही पडले. संप्रदाय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नाथ, महानुभाव, वारकरी असलं काहीतरी आलं होतं. एक गुरू, त्यांच्यासमोर बसलेले शिष्य. आमच्या सरांनीही त्याहून जास्त काही सांगितलं नाही.

तो संप्रदाय नव्हताच मुळी. ते चक्क एक मंडळ होतं. पुढे पुढे नोंदणी झालेलं, घटना असलेलं, सभासदांची यादी असलेलं. आणि त्याची पाळंमुळं होती मॉस्कोतल्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळात.

साल १९१५, महिना मार्च. पहिलं महायुद्ध सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते. मॉस्को विद्यापीठात स्लाव्हिक भाषा शिकणाऱ्या पोरांना वाटू लागलं, की वर्गात जे शिकवतात ते तर हवंच, पण त्यात आजची जिवंत बोली कुठे आहे? (स्लाव्हिक म्हणजे रशियन, युक्रेनियन, पोलिश, झेक, सर्बियन, बल्गेरियन वगैरे. आपल्याकडे मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली जशा एका घरच्या, तशाच त्या.) प्राध्यापक शिकवत ते मुख्यतः जुन्या ध्वनीचा नवा ध्वनी कसा झाला ते. पोरांना बाजारातली बोली, खेड्यातली गाणी आणि नव्या कवींची भाषा यांचाही अभ्यास करायचा होता. त्यांनी मंडळाची घटना तयार केली आणि सरळ विज्ञान अकादमीकडे पाठवून दिली. तिथे शाखमातोव नावाचे थोर पंडित होते. त्यांनी हसण्यावारी न नेता तिला पाठिंबा दिला. अशा रीतीने 'मॉस्को भाषाशास्त्र मंडळ' सुरू झालं. अध्यक्ष कोण, तर रोमान याकोबसन, वय वर्षं अठरा! त्याच्या जोडीला प्योत्र बोगातिर्योव हा लोककथांचा वेडा, आणि आणखी काही विद्यार्थी.

त्याच साली याकोबसन आणि बोगातिर्योव गाणी नि बोली गोळा करायला मॉस्कोजवळच्या वेरेया भागात गेले. युद्धाचे दिवस. वहीत भराभरा काहीतरी उतरवून घेणारी ही शहरी पोरं बघून गावकऱ्यांना वाटलं, हे नक्की जर्मन हेर. प्रकरण जिवावर बेतता बेतता राहिलं. लोकगीतं गोळा करणाऱ्यांच्या वाट्याला असलं काहीतरी यायचंच. माझ्या माहेरी ओव्या उतरवून घ्यायला एक बाई आल्या होत्या, तेव्हा आमच्या आत्याला त्या जनगणनेच्या वाटल्या, आणि तिने घरातली माणसं दोनने कमी सांगितली!

या मंडळाची मुलं जिथे जा-ये करत, ती मोठ्यांची जागा म्हणजे मॉस्कोचा बोलीविषयक आयोग. तिथे दोन माणसं होती, ती लक्षात ठेवा. एक निकोलाय त्रुबेत्स्कॉय. राजघराण्यातला, याकोबसनपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पंधराव्या वर्षी पहिला लेख छापून आलेला. तो संस्कृत शिकला होता आणि मॉस्को विद्यापीठात शिकवतही होता. दुसरे निकोलाय दुर्नोवो. हे वयाने बरेच मोठे, जन्म १८७६ चा. त्याच १९१५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर रशियन बोलींचा नकाशा प्रसिद्ध केला. कुठल्या गावानंतर कोणती बोली सुरू होते, हे नकाशावर काढणं म्हणजे किती पायपीट आणि किती कागद असतील, याचा विचार करा.

मग १९१७ ची क्रांती झाली, यादवी युद्ध झालं आणि पाखरं उडाली. त्रुबेत्स्कॉय दक्षिणेकडे निघून गेला. पुस्तकं, टिपणं मागे टाकून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बल्गेरियात सोफिया, आणि १९२२ साली व्हिएन्ना विद्यापीठात स्लाव्हिक भाषांची प्राध्यापकी. याकोबसन १९२० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रेडक्रॉसच्या पथकाबरोबर प्रागला आला, तो तिथेच राहिला. बोगातिर्योवही प्रागला पोचला. कार्त्सेव्स्की नावाचा त्यांचा आणखी एक मित्र जिनिव्हात होता. मॉस्कोतलं मूळ मंडळ १९२४ मध्ये बंद पडलं.

बंद पडलं ते कागदावर. डिसेंबर १९२० पासून त्रुबेत्स्कॉयची याकोबसनला पत्रं सुरू झाली, ती पुढे अठरा वर्षं चालू राहिली. ती १९७५ साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्या पत्रांत भाषाशास्त्र आहेच, पण त्याहून जास्त काय आहे, तर अर्धवट विचार. "मला असं असं वाटतंय, तुला काय वाटतं?" या प्रकारचे. आपल्या अर्ध्याकच्च्या विचाराला न हसता त्यावर डोकं चालवणारा दुसरा माणूस जगात कुठेतरी असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! व्हिएन्नात त्रुबेत्स्कॉयला विद्यार्थी होते, पगार होता, पण असा माणूस रेल्वेने काही तासांवर प्रागमध्ये होता.

आता प्रागची गोष्ट. विलेम मातेसिउस हे तिथे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची दृष्टी १९२० नंतर जवळजवळ गेलेली. विद्यार्थी त्यांना वाचून दाखवत. त्यातला एक विद्यार्थी, योसेफ वाखेक, पुढे या सगळ्या इतिहासाचा बखरकार झाला. तर ६ ऑक्टोबर १९२६ रोजी मातेसिउस यांच्या खोलीत सहा माणसं जमली. हेन्रिक बेकर नावाचा एक तरुण जर्मन अभ्यासक आला होता, त्याचं व्याख्यान ऐकायला. स्वतः मातेसिउस, याकोबसन, हाव्रानेक, त्रन्का आणि रिप्का. रिप्का तर फारसी-तुर्कीवाले. म्हणजे इंग्रजीवाले, स्लाव्हिकवाले, फारसीवाले सगळे एका खोलीत. व्याख्यानानंतर चर्चा रंगली आणि ठरलं, की असं नियमित जमायचं. नाव काय ठेवायचं? मॉस्कोच्या मंडळाचं नाव होतंच. गाव तेवढं बदललं. 'प्राग भाषाशास्त्र मंडळ'.

माझ्या वहीतला 'प्राग संप्रदाय' तो हा. सहा माणसं आणि एक खोली.

हे मंडळ काय करत असे? कोणीतरी आपलं चालू काम मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. बस्स. पण पुढची पायरी त्यांना लगेच सुचली, आणि मला ती फार हुशारीची वाटते. १९२८ च्या एप्रिलमध्ये हेग शहरात भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेने आधी काही प्रश्न पाठवले होते. याकोबसनने उत्तर लिहिलं आणि त्यावर सह्या झाल्या तीन. याकोबसन प्राग, त्रुबेत्स्कॉय व्हिएन्ना, कार्त्सेव्स्की जिनिव्हा. तीन देशांतले तीन निर्वासित, पण व्यासपीठावर एक सूर. एकट्या एकतीस वर्षांच्या पोराचं म्हणणं कोणी किती ऐकून घेतलं असतं कोण जाणे. तिघांचं ऐकलं गेलं. आणि पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, स्लाव्हिक अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती प्रागमध्येच. मंडळाने तिथे आपली 'सूत्रं' मांडली, कोणा एकाच्या नावावर न मांडता मंडळाच्या नावावर. त्याच वर्षी ग्रंथमालेचा पहिला खंडही काढला. मजकूर मुख्यतः फ्रेंच, जर्मन, इंग्रजीत ठेवला, कारण झेकमध्ये लिहिलं तर प्रागबाहेर वाचणार कोण? (आपल्या मराठी विद्वानांना हा प्रश्न आजही सतावतो. असो.) दहा वर्षांत असे आठ खंड निघाले.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते रायगडातून जातं म्हणून माफ करा. आम्ही साधारण २००४ च्या सुमारास शाळेची सहल चौल-रेवदंड्याला नेली होती. तिथे शाळेच्या आवारात अफानासी निकितिनचं स्मारक आहे, २००२ साली उभारलेलं. हा त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, तिथून जुन्नरला गेला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला नि म्हणाला, मुसलमान हो, तर परत देतो. एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून त्याची सुटका केली. (बलराज साहनी-नर्गिसचा १९५७ चा 'परदेसी' सिनेमा आठवतो का? त्यात हाच निकितिन.) मुलांना मी घोड्याची गोष्ट सांगितली, मुलं हसली, आणि आम्ही डबे खायला बसलो.

आता कळलं, की या निकितिनच्या प्रवासवर्णनावर १९२६ साली लेख लिहिणारा माणूस म्हणजे आपला त्रुबेत्स्कॉय. तोवर बहुतेकांनी ते पुस्तक माहितीसाठी वाचलं होतं. याने ते वाङ्मय म्हणून वाचलं. निकितिन रशियन लिहिता लिहिता मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांत शिरतो, अगदी देवाची प्रार्थनासुद्धा तशीच करतो. ते का, याकडे त्रुबेत्स्कॉयने लक्ष वेधलं. परक्या मुलखात, परक्या भाषांत आपला धर्म सांभाळत एकट्या पडलेल्या माणसाचं मन स्वतः परदेशात अडकलेल्या या माणसाला दिसलं असेल तर नवल नाही. (हे आपलं माझं मत.) आणि हे सगळं व्हिएन्नात बसून, जुन्नरच्या पावसाबद्दल! आम्ही त्या खांबाशेजारी बसून लाडू खात होतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

पुन्हा मंडळाकडे येते. इथपर्यंतची गोष्ट वाचून मीही ठरवलं होतं, की नातीला फोन करून "भर पैसे" म्हणायचं. मग दुर्नोवोंचं पुढे काय झालं ते वाचलं आणि फोन खाली ठेवला.

दुर्नोवो १९२४ साली झेकोस्लोव्हाकियात आले होते. चार वर्षं राहिले, ब्र्नो विद्यापीठात व्याख्यानं दिली, प्रागच्या मंडळाशी जोडले गेले. जुनी मॉस्कोची पोरं आता मोठी झालेली, त्यांच्यात त्यांचा वेळ छान गेला असणार. पण १९२८ मध्ये ते सोव्हिएत देशात परत गेले, आधी मिन्स्कला, मग मॉस्कोला. पाच वर्षांनी, १९३३ च्या डिसेंबरअखेर, त्यांना अटक झाली. एकट्यांना नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढे १९३४ मध्ये मॉस्को-लेनिनग्राडमधले सत्तरहून अधिक अभ्यासक, संग्रहालयांतले लोक, प्राध्यापक धरले गेले. पोलिसांचं म्हणणं असं, की 'रशियन नॅशनल पार्टी' नावाचा एक गुप्त पक्ष आहे, तो सरकार उलथवणार आहे, आणि त्याचं परदेशातलं केंद्र चालवतात कोण? तर त्रुबेत्स्कॉय, याकोबसन आणि बोगातिर्योव!

असा पक्ष कधी अस्तित्वातच नव्हता. होती ती फक्त यादी. कोण कोणाला ओळखतं, कोणी कोणाला पत्र लिहिलं, कोण कुठल्या मंडळाचं सभासद, कोणी आपला लेख परदेशात छापायला पाठवला. जी गोष्ट हेगच्या परिषदेत तीन सह्यांमुळे ताकद ठरली होती, तीच इथे आरोपपत्र झाली. स्लाव्हिक भाषा सगळ्या बहिणी-बहिणी आहेत, असं मानणारा विषयच त्या वेळच्या सरकारला संशयास्पद वाटत होता. इलिन्स्की, सेलिश्चेव, विनोग्रादोव अशी मोठमोठी नावं त्यात सापडली. कोणी हद्दपार झालं, कोणी छावणीत गेलं.

दुर्नोवोंना दहा वर्षांची शिक्षा देऊन उत्तरेकडच्या सोलोव्हकी बेटांवर पाठवलं. तिथे त्यांनी काय केलं माहीत आहे? सर्बो-क्रोएशियन भाषेचं व्याकरण लिहायला घेतलं. साठीतला माणूस, थंडी, छावणी, आणि समोर विभक्ती नि क्रियापदं. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी कारेलियातल्या सांदार्मोखच्या जंगलात त्यांना गोळी घातली. त्या आठवड्याभरात सोलोव्हकीच्या १,१११ कैद्यांना तिथे संपवलं गेलं. दुर्नोवोंचा मुलगा आंद्रेईही याच खटल्यात अडकला होता. त्याचं लग्न त्रुबेत्स्कॉय घराण्यातल्या एका मुलीशी ठरलं होतं, आणि ती सोयरीकही पोलिसांना कटाचा धागा वाटली. दोघांनाही पुढे गोळ्या घातल्या.

हे वाचल्यावर मी दोन दिवस पुढे काही वाचलं नाही. माझ्या वहीतलं 'स्वनिम' मी मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, हे मला आठवत होतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. त्रुबेत्स्कॉयने तीन वर्षं आधी वंशवादाविरुद्ध लेख लिहिला होता. गेस्टापोने घराची झडती घेतली, कागदपत्रं नेली. याकोबसनची त्याला आलेली पत्रं त्यातच गेली. हृदयाचा आजार होताच. २५ जून १९३८ ला तो गेला, वय अठ्ठेचाळीस. शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून तो आपलं पुस्तक सांगत होता आणि दुसरे लिहून घेत होते. थोडीच पानं राहिली होती. १९३९ साली ते प्रागच्या मंडळाने आपल्या ग्रंथमालेचा सातवा खंड म्हणून काढलं. बी.ए.च्या पोरांना आजही जे स्वनिम शिकवतात, त्याचा मोठा भाग या अपुऱ्या पुस्तकातला. मंडळ नसतं तर ती पानं कोणी छापली असती?

त्याच १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. याकोबसन ज्यू. थांबणं म्हणजे मरण. आणि मग ती यादी त्याच्या उपयोगी पडली. कोपनहेगनमध्ये प्रागच्याच धर्तीवर १९३१ साली एक मंडळ निघालं होतं. तिथल्या मित्रांनी व्याख्यानांना बोलावलं. तिथून नॉर्वे, जर्मन तिथे आल्यावर स्वीडन. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ओळखीचं, कोणीतरी लेख वाचलेलं, कोणीतरी दार उघडणारं. १९४१ मध्ये बोटीने न्यूयॉर्क. तिथे निर्वासित प्राध्यापकांच्या एका फ्रेंच संस्थेत शिकवू लागला, आणि वर्गात येऊन बसत होता क्लोद लेव्ही-स्त्रोस, पुढे जगप्रसिद्ध झालेला मानववंशशास्त्रज्ञ. १९४३ साली न्यूयॉर्क भाषाशास्त्र मंडळही निघालं. या माणसाला मंडळं काढण्याची खोडच होती म्हणायची.

योगायोग असा, की तो न्यूयॉर्कला उतरला त्याच वर्षी, १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या स्लाव्हिक आणि पूर्व युरोपीय भाषा शिकवणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. १९४८ मध्ये या विषयातल्या सगळ्या अभ्यासकांची आणखी एक मोठी संघटना आली, जिचं नाव २०१० मध्ये बदललं. नातीच्या मोबाईलवरचा तो अर्ज याच परंपरेतला. यांच्या वार्षिक अधिवेशनांना विद्यार्थी निबंध वाचतात, नोकरीच्या जागा कळतात, संशोधनाला मार्गदर्शक मिळतात. चांगलंच आहे ते. पण सगळं सुरळीत चाललंय असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला, आणि स्लाव्हिक अभ्यास म्हणजे मुख्यतः रशियन, बाकीच्या भाषा तोंडीलावणं, ही जुनी सवय आता टोचू लागली आहे. २०२३ च्या अमेरिकेतल्या अधिवेशनाचा विषयच 'वसाहतवादापासून मुक्ती' हा होता. कोणाबरोबर एका व्यासपीठावर बसायचं, कोणाला पत्र लिहायचं, हे प्रश्न पुन्हा साधे राहिलेले नाहीत.

प्रागच्या मंडळाचं म्हणाल, तर नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी झेक विद्यापीठं बंद केली, तरी माणसं घरांतून भेटत राहिली. मातेसिउस युद्ध संपायला महिना राहिला असताना, एप्रिल १९४५ मध्ये गेले. नंतर कम्युनिस्ट राजवटीत या विचारावर टीकेची झोड उठली आणि बैठका थांबल्या. १९९० साली मंडळ पुन्हा सुरू झालं तेव्हा मातेसिउसना वाचून दाखवणारा वाखेक हयात होता, ऐंशी ओलांडलेला.

आणि स्लाव्हिक परिषद? तिसरी १९३९ मध्ये बेलग्रेडला व्हायची होती, ती युद्धात बुडाली. चौथी भरली थेट १९५८ साली मॉस्कोत. तिच्या तयारीच्या बैठकीसाठी याकोबसन १९५६ मध्ये, छत्तीस वर्षांनी, मॉस्कोत आला. बोगातिर्योव १९४० मध्ये परत जाऊन तिथेच राहिला होता. वेरेयात हेर म्हणून पकडले जाता जाता वाचलेले दोघे आता साठीच्या आसपासचे. त्यांनी काय बोलणं केलं असेल? दुर्नोवोंचं नाव घेतलं असेल का, आणि घेतलं असेल तर किती हळू आवाजात?

आमचंही एक मंडळ होतं, ते या सगळ्यात आठवलं. त्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौघी मराठीच्या बाया प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसायचो. कोणी आठवड्यात फसलेला तास सांगायचं. फसलेला, बरं का. जमलेले तास सांगायला स्टाफरूम होती. 'हा धडा मला स्वतःलाच कळला नाही' असं मी फक्त त्या खोलीत म्हणू शकले. त्यातल्या दोघी आता नाहीत. तिसरीला मी अजून पत्र लिहिते. फोन असतानाही.

नातीला फोन केला शेवटी. दुर्नोवोंची गोष्ट तिला माहीत नव्हती. ऐकून बराच वेळ गप्प होती. फी भरलीस का, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिने मात्र एक विचारलं, "आजी, निकितिनचं मूळ रशियन माझ्याकडे आहे. जुनी रशियन आहे, मला धड येत नाही. तुला फोनवर मराठीत सांगत गेले तर चालेल? चुकेल खूप." म्हटलं, चुकू दे.

दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो. एक पान, कधी अर्धंच. मध्येच अडते, मग आम्ही दोघी मिळून अंदाज बांधतो. गेल्या खेपेला घोडा घेऊन तो चौलला उतरला. या रविवारी बहुतेक जुन्नर येईल.